'स्पष्ट करा' ते 'सिद्ध करा' : परदेशात अर्थशास्त्र शिकायला जाताना

(पडद्यावर : टेबलावर शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन प्रश्नपत्रिका.)

डावीकडची प्रश्नपत्रिका टी.वाय.बी.ए.ची आहे. 'मागणीची किंमत लवचिकता म्हणजे काय? तिचे प्रकार स्पष्ट करा.' चार पानं भरून उत्तर, दोन आकृत्या, शेवटी टिपा लिहा.

उजवीकडचा कागद अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या पहिल्या सत्रातला, साधा गृहपाठाचा. प्रश्न एकच ओळीचा आहे. ग्राहकाला परवडणाऱ्या वस्तूंमधून सर्वोत्तम निवड करता येते, हे सिद्ध करा. त्यासाठी कोणत्या अटी लागतात?

परदेशी जाऊन अर्थशास्त्र शिकायची इच्छा धरणाऱ्या आपल्या मुलामुलींची खरी अडचण या दोन कागदांच्या मधे आहे. व्हिसा, कर्ज, विमानाचं तिकीट हे सगळं नंतर येतं.

उजवीकडचा प्रश्न जरा जवळून पाहू.

(पडद्यावर : फळा, खडूनं काढलेली अर्थसंकल्प रेषा, म्हणजे खिशातल्या पैशात काय काय बसतं त्याची सीमा.)

ग्राहकाच्या खिशात १,००० रुपये आहेत. वस्तू दोनच. त्याची आवडनिवड अशी की पहिल्या वस्तूवर तो नेहमी उत्पन्नाचा ३० टक्के भाग खर्च करतो. किंमत ३० रुपये असेल तर तो १० नग घेईल, किंमत २० वर आली तर १५ नग. इतकं कॅल्क्युलसनं निघतं, आणि आपल्याकडच्या एम.ए.च्या वर्गात ते शिकवतातही.

पण प्रश्न वेगळाच विचारलाय. सर्वोत्तम निवड मुळात असते का? दोन्ही किमती शून्यापेक्षा जास्त असतील तर परवडणाऱ्या जोड्यांचा संच चहूबाजूंनी मर्यादित असतो आणि त्याच्या कडाही त्याच्यातच धरलेल्या असतात, म्हणजे तो बंदिस्त असतो. ग्राहकाची पसंती मधेच उडी न मारता सलग बदलत असेल, तर अशा संचात सर्वोत्तम बिंदू सापडतोच. आता एका वस्तूची किंमत शून्य करा. दहा घ्या, शंभर घ्या, लाख घ्या, खिशाला तोशीस नाही. जितकं जास्त तितकं बरं असेल, तर प्रत्येक निवडीपेक्षा चांगली दुसरी निवड उरतेच. सर्वोत्तम असं काही राहतच नाही.

'बंदिस्त', 'मर्यादित', 'सलग' हे शब्द इथे नेमक्या गणिती अर्थानं वापरले आहेत. ते ज्या विषयात शिकवतात त्याचं नाव रिअल अ‍ॅनालिसिस. बी.ए.च्या विद्यार्थ्याला हा विषय भेटतच नाही. तो गणिताच्या बी.एस्सी.त असतो, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला.

अर्थशास्त्र नेहमीच असं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांसाठी. १९१५ ला एम.ए., १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. मग शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. त्या अभ्यासाची हत्यारं होती सरकारी अहवाल, जमाखर्च, चलनाचा इतिहास आणि धारदार युक्तिवाद. दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाची भाषाच बदलली. अहवाल आजही वाचावे लागतात, पण प्रवेश समिती आधी गणिताचे गुण पाहते.

म्हणून तयारी एस.वाय.पासून सुरू झाली तर बरं. एकाहून अधिक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि संख्याशास्त्र, आणि सरतेशेवटी रिअल अ‍ॅनालिसिस, याच क्रमानं. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर विषयाची सोय आहे. कॉलेज देत असेल तर गणित घ्या. देत नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम आहेत, पण त्यांची परीक्षा केंद्रावर जाऊन द्या. नुसत्या चित्रफिती पाहिल्या असं अर्जात लिहून काही हाती लागत नाही. उलटा रस्ताही चांगला चालतो. गणितात बी.एस्सी. करून मग पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राची मास्टर्स. आपली पदवी तीन वर्षांची असल्यानं मधली ही मास्टर्स अर्जाला फार बळ देते.

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा मात्र उगाच बाऊ होतो. गणिताचे एकूण २७ प्रश्न, वेळ ४७ मिनिटं, गुण १३० ते १७० च्या पट्टीवर. पातळी शाळेच्या गणिताची. म्हणूनच १६८ मिळाले तर कुणी टाळ्या वाजवत नाही, पण १५८ मिळाले तर अर्ज बाजूला पडू शकतो. काही विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. ज्याच्या गुणपत्रिकेवर गणिताचे विषय कमी आहेत, त्यानं ती द्यावीच.

(पडद्यावर : लेटरहेडवर टाईप केलेलं शिफारसपत्र, खाली गोल शिक्का.)

'सदर विद्यार्थिनी नम्र, कष्टाळू आणि वक्तशीर आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.'

महाराष्ट्रातून जाणारे चांगले चांगले अर्ज अशा पत्रांपाशी अडतात. लिहिणाऱ्याची माया खरी असते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते असं : अर्थमितीच्या (आकडेवारीतून आर्थिक प्रश्न तपासण्याच्या विषयाच्या) पेपरला बसलेल्या साठ जणांत हिचा नंबर कितवा होता? प्रबंधात हिनं स्वतः काय केलं? माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते? अशी तीन पत्रं लागतात, आणि ती लिहू शकेल अशा माणसाच्या हाताखाली काम केलेलं असावं लागतं. प्राचार्यांचं, ओळखीच्या मोठ्या अधिकाऱ्याचं पत्र इथे उपयोगाचं नाही. सरांकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. गुणपत्रिका, प्रबंधाची प्रत, केलेल्या कामाची एक पानाची यादी आणि विद्यापीठांच्या मुदतीच्या तारखा सोबत द्या, निदान सहा आठवडे आधी.

असं कुणाच्या हाताखाली काम करता यावं म्हणूनच हल्ली मास्टर्सनंतर एक-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून घालवायची पद्धत पडली आहे. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये एमआयटीत सुरू केलेल्या जे-पॅल या गरिबीवरच्या संशोधन संस्थेची दक्षिण आशियातली शाखा अशा सहायकांना गावोगावच्या पाहण्यांवर पाठवते. काम दिसायला साधं असतं.

(पडद्यावर : संगणकावर तक्ता, 'वय' या रकान्यावर कर्सर.)

दहा माणसांची वयं आहेत. नऊ जणांचं सरासरी वय ४०. दहाव्यानं उत्तर दिलं नाही, म्हणून पाहणी करणाऱ्यानं नियमाप्रमाणे ९९९ भरलं. हे लक्षात न घेता सरासरी काढली तर गावाचं सरासरी वय १३५.९ येतं. इथे चूक डोळ्यांत भरते. वीस हजार कुटुंबांच्या तक्त्यात, उत्पन्नाच्या रकान्यात ती दडून बसते. स्टाटा किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक रकान्याचा सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा आधी पाहायचा, ही सवय जिला लागली तिच्याबद्दल शिफारसपत्रात लिहायला खूप काही असतं.

आता उद्देशपत्र, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. 'लहानपणापासून मला गरिबीचे प्रश्न अस्वस्थ करत' अशी सुरुवात शेकडो अर्जांत असते. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. या बंदीनं लासलगावच्या शेतकऱ्याला मिळणारा भाव किती पडला आणि मुंबईच्या ग्राहकाला त्यातला किती दिलासा मिळाला? बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव सरकारी संकेतस्थळावर असतात. प्रश्न आपल्या अंगणातला आहे, आकडे मिळण्यासारखे आहेत. पण इथेच थांबू नका, अडचणही लिहा. बंदी आली तीच मुळी भाव चढले म्हणून. तेव्हा बंदीआधीचा आणि नंतरचा भाव नुसता शेजारी मांडला, तर पडझडीतली किती बंदीमुळे आणि किती नवीन लाल कांद्याच्या आवकेमुळे, हे वेगळं काढता येत नाही. ही अडचण जिला दिसली आणि ती कशी सोडवता येईल याचा एक परिच्छेद जिनं लिहिला, तिचं पत्र समिती शेवटपर्यंत वाचते.

अमेरिकेतल्या पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये बंद होतात. प्रत्येक अर्जाला साधारण १०० डॉलर फी धरली, तर बारा अर्जांचे १,२०० डॉलर होतात. फी माफीची सोय अनेक विद्यापीठांत असते, पण ती आपणहून आणि मुदतीच्या आधी मागावी लागते. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला होकार कळवायची सर्वमान्य तारीख १५ एप्रिल. पीएच.डी.त शिकवणी शुल्क माफ आणि वर महिन्याचं विद्यावेतन, असाच प्रवेश घ्यावा. विद्यावेतनाशिवायची पीएच.डी. कर्ज काढून करू नये, इतकं स्पष्ट सांगायला हवं.

मास्टर्सचं गणित निराळं आहे. अमेरिकेत ती बहुधा स्वखर्चाची असते, म्हणून आणखी एक गोष्ट आधी विचारा : अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक (सीआयपी कोड). ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र, असा क्रमांक असेल तर तो स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या गटात मोडतो, आणि पदवीनंतर कामाच्या परवानगीच्या १२ महिन्यांवर आणखी २४ महिने मागता येतात. साध्या अर्थशास्त्राच्या क्रमांकावर ते मिळत नाहीत. पदवीचं नाव दोन्हीकडे सारखंच छापलेलं असू शकतं.

(पडद्यावर : बॉन विद्यापीठाची पिवळी इमारत.)

ज्या घराला लाखांची फी झेपणार नाही, त्यांनी जर्मनीकडे नीट पाहावं. बॉनसारख्या सरकारी विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही. मानहाइम ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. दोन्ही ठिकाणचे अर्थशास्त्र विभाग नावाजलेले आहेत, आणि गणिताची अपेक्षाही तशीच कडक.

इथे आपली टक्केवारी जर्मन श्रेणीत बदलली जाते. १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. रीत अशी : शंभरातून आपले गुण वजा करा. शंभरातून उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. ७५ टक्के आणि पासची मर्यादा ४० असेल तर श्रेणी येते २.२५. पण मर्यादा ५० धरली गेली तर त्याच ७५ टक्क्यांची श्रेणी २.५ होते. अनेक ठिकाणी २.५ हीच प्रवेशाची रेघ असते. म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांची एकत्र गुणपत्रिका) घेताना त्यावर उत्तीर्णतेची किमान मर्यादा छापलेली आहे ना, आणि ती बरोबर आहे ना, हे खिडकीपाशीच वाचून घ्या.

नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला लागतो. त्याला वेळ जातो, म्हणून प्रवेशाची वाट न पाहता आधीच अर्ज करावा. राहण्याच्या खर्चासाठी बंदिस्त खात्यात (ब्लॉक्ड अकाउंटमध्ये) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. दर महिन्याला त्यातले ९९२ युरोच काढता येतात. पहिल्या महिन्याची अनामत, भाडं आणि भांडीकुंडी त्यात बसत नाहीत, म्हणून काही रक्कम वेगळी जवळ ठेवावी.

ब्रिटनची मास्टर्स एका वर्षाची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मुख्य वर्ग सुरू व्हायच्या आधी सप्टेंबरमध्ये गणित आणि संख्याशास्त्राची उजळणी होते. उजळणी हा शब्द खरा धरा. तिथे नव्यानं शिकायला वेळ नसतो. व्हिसासाठी आपल्या किंवा आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर ते सलग २८ दिवस हवे. सत्ताविसाव्या दिवशी हप्ता कापला जाऊन शिल्लक जरा खाली आली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ते खातं त्या काळात कशालाच जोडलेलं नसावं.

मदतीचे रस्ते आहेत. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी पैसे देतं, पण ते कर्ज असतं, हे घरच्यांना आधी सांगा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. पात्रतेच्या अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचावी.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. ती अनाठायी आहे. 'सीमांत उपयोगिता' ज्याला कळली आहे, त्याला फक्त तिचं दुसरं नाव शिकायचं आहे. शे-दीडशे संज्ञांची दोन रकान्यांची वही दोन महिन्यांत पाठ होते. गृहपाठात 'समजा', 'म्हणून', 'याउलट' एवढेच दुवे लागतात.

(पडद्यावर : ग्रंथालय, रात्र, टेबलाभोवती चार विद्यार्थी, मधे एकच कागद.)

अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती, आठवड्याला गृहपाठ. तो एकट्यानं सोडवायचा हट्ट करणारे मागे पडतात. गटात बसून फळ्यावर चर्चा करायची, मग घरी जाऊन आपल्या शब्दांत लिहायचं, हीच तिथली रीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठी परीक्षा होते. नापास झालं तर बहुतेक ठिकाणी दुसरी संधी मिळते. तीही हुकली तर मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडावं लागतं. जे पार होतात, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणी प्रश्न देत नाही. तो स्वतःचा आणायचा असतो, आणि उद्देशपत्रासाठी उतरवून ठेवलेली लासलगावच्या आवकेची फाईल तेव्हा पुन्हा उघडली जाते.