शिराकावा-गोची घरं टिकली कशी? छपराकडे नीट बघा!

नमस्कार मंडळी! जपानच्या शिराकावा-गोवर व्हिडिओ कधी, असं तुम्ही सारखं विचारताय, तर आज तेच. गिफू प्रांतातलं डोंगरांमधलं खोरं, त्यातलं ओगिमाची हे मुख्य गाव, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी गवती छपरं, उतार साधारण ६० अंश, कारण बर्फ प्रचंड. रील्समध्ये हे पाहिलंयत तुम्ही, पुढे जाऊ.

एक कमेंट हमखास येते: 'शेकडो वर्षं जशीच्या तशी उभी आहेत!' नाही हो! सांगाडा जुना, पण गवत दर ३०-४० वर्षांनी उतरवून नवं घालावं लागतं. एका छपराला शंभर-दोनशे माणसं लागतात. आज आम्ही तुमच्या छपरावर, उद्या तुम्ही आमच्या. या पद्धतीला तिथे 'युई' म्हणतात.

बरं, नवं गवत घातलं की झालं? नाही. घरात मधोमध चूल असते, 'इरोरी'. तिचा धूर वर चढतो, गवत कोरडं ठेवतो, किडीला दूर ठेवतो. मी एका घराच्या माळ्यावर गेलो होतो, पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळायचे. तुळया काजळीने काळ्याभोर! कुलूप लावून जपलेल्या घरात हा धूर कोण करणार?

तिसरं, बांधणी. खालचा भाग सुतारांचा, पण छपराचा सांगाडा गावकऱ्यांनी खिळ्यांशिवाय, दोरांनी आणि पिळलेल्या फांद्यांनी बांधलेला. हे हात गावात राहिले नाहीत तर छप्परही राहणार नाही. म्हणून म्हणतो, घर माणसं टिकवतात, आणि पुन्हा पुन्हा बांधून टिकवतात.

धरणं आली, लोक शहरांकडे गेले, घरं भराभर कमी झाली. तेव्हा १९७१ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आपल्याच घराबद्दल असं ठरवायला केवढी हिंमत लागते!

आणि कृपा करून, फोटोसाठी कुणाच्याही अंगणात घुसू नका. राग येतो मला! आतून बघायचंय? वादा कुटुंबाचं घर तिकीट काढून बघता येतं. सिगारेट रस्त्यात अजिबात नको, सगळं गवत आहे. दरवर्षी शरदात गाव पाण्याच्या तोफा उडवून आगीची तालीम करतं. हिवाळ्यातल्या रोषणाईला मात्र आधी बुकिंग लागतं, तेवढं करूनच निघा.