घोडेस्वाराचे जाकीट आणि मुंबईचा घाम

श्रोतेहो, नमस्कार.

महालक्ष्मीच्या मैदानावर घोडेस्वारी शिकणारी मुले असोत किंवा सुट्टीत माथेरानच्या लाल वाटांवर रपेट मारणारी मोठी माणसे असोत, खोगिरावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर असते. डोक्यासाठी हेल्मेट हवे, हे आता बहुतेकांना पटले आहे. छाती, बरगड्या आणि पाठ झाकणाऱ्या बॉडी प्रोटेक्टरचे नाव काढले, की मात्र "या उकाड्यात?" असा प्रश्न येतो. हा प्रश्न रास्त आहे, कारण जे जाकीट अंगाला काचते, ते दुसऱ्याच आठवड्यात घरी खुंटीवर राहते.

या जाकिटात दाट फोमचे थर असतात. घोडा बुजला आणि स्वार खाली आला, किंवा पडल्यावर टाप लागली, तर तो फोम दबून आघाताचा जोर कमी करतो आणि उरलेला जोर मोठ्या भागावर पसरवतो, त्यामुळे मुका मार आणि बरगड्यांची मोडतोड कमी होऊ शकते. मान वेडीवाकडी वळून किंवा पाठ मुरगळून होणारी इजा मात्र त्याने टळत नाही, आणि तसे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

खरेदी करताना आतल्या बाजूचे लेबल वाचावे. ईएन १३१५८ या युरोपीय मानकात तीन पातळ्या असून नेहमीची घोडेस्वारी आणि उडीचा सराव यांसाठी तिसरी पातळी योग्य मानतात. पहिल्या पातळीचे हलके जाकीट शर्यतीतल्या जॉकींसाठी असते.

आपल्याकडे सर्वात जास्त घोळ होतो तो मापात. शाळेचा गणवेश घ्यावा तसे "वाढते अंग आहे" म्हणून पालक एक माप मोठे जाकीट घेतात, आणि सैल जाकीट ऐन पडण्याच्या क्षणी वर सरकते. ते अंगाबरोबर बसले पाहिजे, पुढची कड शेवटच्या बरगडीच्या थोडी खाली यावी, आणि मागची कड खोगिराला टेकू नये. टेकली, तर दुडक्या चालीच्या प्रत्येक हिसक्याला जाकीट मानेकडे ढकलले जाते. दुकानात उभे राहून हे कळत नाही, म्हणून खोगिरावर किंवा निदान स्टुलावर बसून पाहावे. काही प्रकारांत फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटे घालून मगच पट्टे पुन्हा आवळावेत.

उकाड्यासाठी भोके असलेल्या तुकड्यांचे जाकीट आणि आत घाम शोषणारा पातळ सदरा एवढा उपाय बऱ्यापैकी पुरतो. रपेट झाल्यावर जाकीट सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. ते गाडीच्या डिकीत कोंबू नये, नाहीतर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. जोराने पडल्यानंतर फोम चाचपून पाहावा, आणि खळगा अर्ध्या तासात भरून आला नाही, तर जाकीट बदलावे.

हवेने फुगणारे जाकीटही मिळते. त्याची दोरी खोगिराला अडकवलेली असते, आणि स्वार दूर फेकला गेला की जाकिटातल्या गॅसच्या छोट्या नळकांड्याला भोक पडून ते क्षणार्धात फुगते. उतरण्यापूर्वी ही दोरी सोडायला विसरले, तर घोड्याच्या कानाशी फटकन आवाज होतो आणि शांत घोडाही उधळू शकतो. म्हणून घोडा धरणाऱ्या मोतद्दाराला या दोरीबद्दल आधीच सांगून ठेवावे.