पेन्शनीनंतर मामा तलाव

श्रोतेहो, नमस्कार. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पेन्शन सुरू झाली का? आणि आता वेळ कसा जातो? मी म्हणतो, इतिहास लिहितो. समोरच्याला वाटतं, भोसल्यांच्या लढाया असतील. माझा विषय आहे आपल्या भंडारा जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव. मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार; हे तलाव पूर्वी त्याच्या ताब्यात असत.

नोकरीत हे तलाव टेबलावर यायचे ते गट नंबर, क्षेत्र आणि अतिक्रमणाच्या तक्रारी होऊन. 1951 साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. त्याआधीच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याच्या, बस्त्यात ‘वाजिब-उल-अर्ज’ असतो. त्यात गावची वहिवाट लिहिलेली असते: तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, वाट कुठून, चराई कुठे. 1956 पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होतो, म्हणून कागदांत हिंदी वळणाचे शब्द बरेच. मौजा, काश्तकार, रकबा. विद्यापीठातून आलेल्या पोराची इथंच दमछाक होते. जन्मभर फेरफार वाचलेल्या पटवाऱ्याला मात्र ते घरच्या भाषेसारखं. ही पुंजी घरी बसून गंजू देणं मला पटत नाही.

मात्र या कागदात दिसतो तो शेतसारा भरणारा. तलावासाठी माती वाहणारा दिसत नाही. नवेगावबांधच्या तलावाशी लोकांनी कोलू पाटील कोहळींचं नाव जोडून ठेवलं, ते त्या तलावाचं नशीब. आमच्याकडच्या बहुतेक पाळी, म्हणजे तलावाचे मातीचे बांध, कोणी बांधल्या, ते विचारत फिरावं लागतं. तेही उन्हाळ्यात, धानाची रोवणी लागली की कोण बोलायला बसतो?

एका गावात आजीबाईंनी मला पाहून आधी विचारलं, “मोजनीले आले का जी?” साहेबाची चाल काही लपत नाही! नाही म्हटल्यावर त्या बोलत्या झाल्या. त्यांच्या सासूनं पाळीवर मातीच्या टोपल्या टाकल्या होत्या, मजुरी धानात मिळायची. फुटलेल्या तुडुमापाशी, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या तोंडापाशी, नेऊन त्यांनी पाणी कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी जायचं तेही हातानं दाखवलं.

हे लिहायला बसलो की लेखणीतून ‘सदर तलाव’ आणि ‘सबब’ उतरतात. आमच्या सौभाग्यवती त्यावर काट मारतात. खात्यात एवढी कडक तपासणी कधी झाली नव्हती.

सध्या मी त्या आजींच्या सासूबाईंची नोंद शोधतोय. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, जन्म सापडतो, पण बहुतेक ठिकाणी बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी झाली’ एवढंच. मुलीचं नाव नाही. तेव्हा माझ्या इतिहासाच्या प्रकरणात आजींचं सांगणं त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे, आणि शेजारी ती ‘मुलगी झाली’ची अर्धी ओळ जशीच्या तशी.