छताला ओल आली नव्हती

मघाशी हा फिल्टर मी पहिल्या रांगेत दिला तर एकांनी तो लगेच शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. त्यांची चूक नाही हो. मधोमध काळसर डाग, कडेला जाता जाता विरलेला, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते तसा, कुणालाही घाणच वाटणार. तर ही घाण मुद्दाम केलेली आहे आणि आजचा विषय तीच आहे, सेंटर फिल्टर, म्हणजे वाइड लेन्सचा मधला जास्तीचा उजेड अडवून तो कडांच्या बरोबरीला आणणारी काच.

तुम्ही सगळी काळ्या कापडात डोकं घालणारी मंडळी, त्यामुळे ४ बाय ५ इंची फिल्मचा कॅमेरा म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. एका सभागृहाचं आतलं काम होतं, पांढरंशुभ्र छत, ९० मिमीची वाइड लेन्स, स्लाइड फिल्म, आणि छत जास्त यावं म्हणून फिल्म जागेवर ठेवून लेन्स चांगली ३० मिमी वर उचललेली. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे चित्र बघायच्या मागच्या दुधी काचेवर, कोपरे अंधारे दिसत होते, पण ते नेहमीच दिसतात म्हणून मी सोडून दिलं. स्लाइड बघून मालक काळजीनं म्हणाले, वर ओल आलीये का हो? आता काय सांगणार! मी तडक लॅबमध्ये, डेव्हलपिंग बिघडवलंत म्हणून अर्धा तास भांडलो. लॅबवाल्यानं शांतपणे माझीच वाइड नसलेल्या १५० मिमीच्या लेन्सनं काढलेली, त्याच दिवशी धुतलेली दुसरी स्लाइड लाइटबॉक्सवर शेजारी ठेवली, ती कडेपर्यंत स्वच्छ. म्हणाला, साहेब, केमिकलला छत कुठलं आणि फरशी कुठली ते कळत नाही. खरंच, फरशीकडचे कोपरे बरे होते, छताकडचेच बुडाले होते, आणि मी लूप, म्हणजे भिंग, लावूनही ते बघितलं नव्हतं.

बरं, हे दुखणं जुनं आहे. १९०० साली गोर्त्झ कंपनीची हायपरगॉन लेन्स आली, जवळजवळ १३५ अंश बघणारी, तिच्यापुढे चक्क एक भिरभिरं होतं! रबरी फुगा दाबून हवा मारायची, ते गरगर फिरून मधला उजेड अडवायचं, मग ते बाजूला पाडून उरलेलं एक्स्पोजर द्यायचं. आपला फिल्टर म्हणजे तेच भिरभिरं, फक्त न फिरणारं. आणि ते ‘कडा काळ्या असल्या की मूड येतो’ म्हणणारे, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, मूड कधी आणायचा ते मी ठरवीन, लेन्सनं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे देवा, मुद्दा तर राहिलाच.

पटकन सांगतो. मध्यापासून कडेकडे जाताना उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानं घटतो, चांगल्या वाइड लेन्समध्ये जरा कमी घटतो, पण घटतोच. ९०ची लेन्स सरळ असताना कोपऱ्यात हिशेबानं दीड स्टॉप जातो, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. ३० मिमी उचलली की छताकडे सव्वादोन आणि फरशीकडे जेमतेम एक. म्हणजे उजेडाचा मध्य फिल्मच्या मध्यावर राहतच नाही, आणि म्हणून प्रिंट करताना चारी कडा सारख्या उजळून भागत नाही. फिल्टर लेन्सवर बसतो, लेन्स जाईल तिकडे जातो, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. नंतर कॉम्प्युटरवर उचलू म्हणाल तर स्लाइडच्या बुडालेल्या कोपऱ्यात उचलायला काही उरलेलंच नसतं.

वापरताना, फोकस फिल्टर काढून करा, मग लावा. एक्स्पोजर साधारण दीड स्टॉप वाढवा, ४ सेकंदांचे ११ होतात, त्यावर रेसिप्रॉसिटीचं, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंद पडते त्याचं, वेगळं. फिल्टर नसेल तर लांब एक्स्पोजरला रेसिप्रॉसिटी कोपऱ्यांनाच जास्त मारते, तिथे उजेड कमी ना. अ‍ॅपर्चर १६ किंवा २२, कारण लेन्स पूर्ण उघडली की तिची नळीच कडांचा उजेड कापते आणि त्यावर ह्या फिल्टरकडे औषध नाही. आणि ज्या लेन्ससाठी बनवलाय तिलाच लावा, आटे जुळले म्हणून भलतीला नको.

झालं, उठतो. फिल्टर मागपर्यंत फिरवा, पण कडेनं धरा, आणि कृपा करून पुसू नका.