चार दिवसांच्या आधीचा आठवडा

(सांगलीतल्या एका महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पाळीपूर्वीची चिडचिड आणि ॲक्युपंक्चर’. सुयांपर्यंत येते, पण आधी माझं एक जुनं भांडण. पाळीला आपल्याकडे नावं किती! अडचण, कावळा शिवला, ‘ते चार दिवस’. हे चार दिवस मोजायला सगळं घर शिकलं. माझ्यापुढे बसून रडणारी बाई मात्र सांगत असते त्याच्या आधीच्या आठवड्याचं. त्याला नावच नाही. मग ते दुखणंही नाही, बाईचा ‘स्वभाव’!

हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली एक सून आली होती. एका ठिकाणी तिला टॉनिक मिळालं होतं, दुसरीकडे ‘मन रमवा’. (मन रमवायचं औषध कुठल्या दुकानात मिळतं, मला अजून सापडलेलं नाही.) मी म्हटलं, कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना? तिथेच रोज रात्री एक आकडा मांडा. बरं गेलं तर शून्य, भांडी आपटली तर तीन. दोन पाळ्या होईपर्यंत. दोन महिन्यांनी बाई कॅलेंडरच काखेत मारून आली, कोपऱ्यांवर हळदीची बोटं. नवऱ्यानंही हट्टानं लाल पेनानं तिच्या चिडण्याचे आकडे मांडले होते. तिचे तीन पाळीआधीच्या सहा-सात चौकटींत, पाळी आली की दोन दिवसांत शून्य. त्याचे तीन? दर शनिवारी! शनिवारी काय असतं हो? तर शनिवारी स्वारी उशिरा घरी येते. (हशा)

मंडळाच्या बाईंची चिठ्ठी आली, पाच मिनिटंच उरलीत. आता पळते.

शंभरात तीन ते आठ जणींना हा त्रास फार तीव्र असतो. २०१३ साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली, आणि तिथेही दोन पाळ्यांची रोजची नोंदच मागतात. महिनाभर तीनच तीन असतील, तर ते दुखणं वेगळं. जीव नकोसा वाटत असेल तर कॅलेंडरची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

सुया. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते आपल्याला पाठ. पण ही विद्या भारतात आणली त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वर, ही सुई टोचायची एक नेहमीची जागा. कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१८ च्या आढाव्यात ५ चाचण्या, २७७ स्त्रिया. तुलनेसाठी केलेल्या टोचल्याच्या नाटकापेक्षा खऱ्या सुयांनी मन आणि अंग दोन्ही थोडं हलकं झालेलं दिसलं, पण पुरावा कच्चा. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या यावर चांगल्या चालतात, त्यांच्याशी तुलना त्यात नाहीच. म्हणून चालू गोळी बंद करून सुया नकोत. सुई एकदाच वापरायची, पाकीट समोर फोडायला सांगा. दिवस गेले असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी सांगा.

आणि सुया सुरू केल्यात तरी कॅलेंडर उतरवू नका. तिनाचे दोन झाले का, ते तिथेच कळेल. शनिवार सोडून.