जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये पाण्याच्या आणि हवेच्या वाटा

मित्रहो, जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणे आणि नंतर अनेक वर्षे ती स्वतःच्या हातांनी सांभाळणे, या कामाविषयी आज मला बोलायचे आहे. उदाहरण म्हणून मी फोक्सवॅगनची टाइप २ घेणार आहे. बेन पॉन या डच वाहन-विक्रेत्याने १९४७ मध्ये आपल्या वहीत या गाडीचे एक साधे रेखाचित्र काढले, मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले, १९५६ पासून ते हॅनोवरला गेले आणि ब्राझीलमध्ये तर दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वारस थेट २०१३ पर्यंत तयार होत होते. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून या गाडीत बसवण्यासाठी झोपण्याचे आणि स्वयंपाकाचे सामान बनवायला सुरुवात केली. या इतिहासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मूळची ही माल आणि माणसे वाहणारी पत्र्याची गाडी आहे. घर तिच्यात नंतर आले. श्वासाची वाफ, स्वयंपाकाची ओल, भिंतीमागे ठोकलेले प्लायवूड, छतात कापलेले भोक, यांतले काहीही मूळ पत्र्याच्या हिशेबात धरलेले नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे आहे की अशी गाडी हाती घेताना दोनच प्रश्न सतत विचारावेत : पाणी कुठे अडते आहे, आणि हवा कुठे पोहोचत नाही? रंग कोणता, पडदे कसले, बैठक कशी, हे प्रश्न मोहक असतात, पण ते शेवटी येतात. रंगाने सुरुवात केलेली कामे मी अर्ध्यावर थांबलेली पाहिली आहेत, कारण नव्या रंगाखालून वर्षभरात फोड वर येतात आणि मालकाचा धीर खचतो.

पाण्यापासून सुरुवात करू. छताच्या कडेने जाणारी पन्हळ म्हणजे पत्र्यांचा सांधा आहे. तिथले सीलर, म्हणजे सांधा बुजवणारा लेप, वाळून तडकले की पाणी सांध्यात शिरते आणि खांबांच्या पोकळीतून खाली उतरत सिलपर्यंत, म्हणजे दारांखालून गाडीच्या लांबीने जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्टीपर्यंत जाते. समोरच्या काचेभोवतीचे रबर कडक झाले की त्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी साचते, तिथून ते चालकाच्या पायाखालच्या फरशीवर येते. बॅटरीच्या बैठकीखाली आम्लाने पत्रा खाल्लेला असतो. चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा आणि तळाच्या चौकटीपासून बाजूला जाणारे आधार या जागांवर रस्त्यावरचा चिखल बसून राहतो. दाराच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके ठेवलेली असतात. ती माती, जुना रंग किंवा उत्साहाने फासलेल्या डांबरी लेपाने बुजलेली असली, की दार आतून कुजायला लागते.

तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून सावकाश फिरवावे. जिथे त्याची पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे असे समजावे. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल आणि आधार ठोकत जावे. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. ज्या जागेचा आवाज संशयास्पद वाटतो, तिथे टोक दाबून पाहायला कचरू नये. त्या जागी भोक पडले, तर ते आधीपासूनच होते.

सिलचे काम हा या गाडीचा खरा कस आहे. टाइप २ ला स्वतंत्र चासी, म्हणजे अंगापासून वेगळा सांगाडा, नाही. तळाची चौकट आणि अंगाचा पत्रा एकमेकांना जोडलेले आहेत आणि सिलमध्ये बाहेरचा, मधला व आतला असे पत्र्याचे थर मिळून गाडीला ताठपणा देतात. बाहेरचा थर कापल्यावर मधला जाळीसारखा झालेला दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरून नवा पत्रा चिकटवून विषय संपवण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर घ्यावी, दारांच्या चौकटीत तात्पुरते आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्ड करावेत, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एकाच बाजूचा एकच तुकडा कापावा. नवा तुकडा क्लॅम्पने बसवल्यावर, वेल्डिंगच्या आधी, दार पुन्हा लावून फट मोजावी. पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे वेल्डची सलग शिवण घातली की तो तापून वाकतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर ठिपके द्यावेत, एक ठिपका या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि मध्ये पत्रा थंड होऊ द्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढावी, आसपासचे लाकूड, फोम आणि रबर हटवावे, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि काम संपल्यावरही तासभर गाडीजवळून हलू नये, कारण पोकळीत पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसू शकते.

दोन पत्रे एकमेकांवर बसणार असतील तिथे आधी जस्तयुक्त, वेल्डिंग सहन करणारे प्रायमर लावावे. वेल्डिंगनंतर सांध्यांवर सीलर, आणि रंग पूर्ण वाळल्यावर पोकळ्यांत लांब नळीने मेणाचा फवारा. हे मेण तापले की पातळ होऊन सांध्यांत झिरपते, म्हणून उबदार दिवस निवडावा आणि फवारल्यानंतर तळाची भोके तारेने पुन्हा मोकळी करावीत. गाडीच्या पोटाला जाड डांबरी लेप देण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. तो कडक होऊन पत्र्यापासून सुटतो, मधल्या फटीत पाणी धरतो, आणि वरून सगळे काळेभोर, निर्धोक दिसत राहते.

आता हवेकडे वळू. या गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेले चार सिलिंडरचे आडवे इंजिन हवेने थंड होते. त्याला रेडिएटर नाही. पंखा बाहेरची गार हवा ओढून पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो आणि तापलेली हवा खाली निघून जाते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचे रबर हे वरची गार हवा आणि खालची गरम हवा यांच्यातली भिंत आहेत. पूर्वीच्या कुणा मेकॅनिकने काम सोपे व्हावे म्हणून यातला एखादा पत्रा काढून टाकलेला असतो, किंवा रबर झडलेले असते. मग पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा वर ओढतो आणि इंजिन कुणाच्या लक्षात न येता भाजत राहते. इंजिन बसवताना प्रत्येक पत्रा, प्रत्येक स्क्रू आणि पूर्ण रबर जागेवर आहे याची खात्री करणे, हे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या सेटिंगपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

१६०० सीसीच्या सर्वपरिचित इंजिनात पंखा आणि वीज तयार करणारा डायनॅमो एकाच दांड्यावर असून दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. त्यामुळे चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर ती केवळ बॅटरीची तक्रार आहे असे समजून पुढे जाऊ नये. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबला आहे. इंजिन तत्काळ बंद करावे. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर दबावा. ताण कमी-जास्त करण्यासाठी पुलीच्या दोन भागांमधल्या पातळ चकत्या काढतात किंवा घालतात, आणि काढलेल्या चकत्या पुलीच्या बाहेरच्या अंगाला त्याच नटाखाली ठेवतात, म्हणजे त्या हरवत नाहीत.

या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर मावते आणि मूळ रचनेत कागदी फिल्टर नाही, फक्त तारेची जाळी आहे. म्हणून दर ५,००० किलोमीटरला तेल बदलून जाळी धुवावी. त्याच वेळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, टॅपेट सेटिंग करावे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट जुळवावी. १६०० सीसीच्या इंजिनात ही फट साधारणपणे ०.१५ मिलिमीटर ठेवतात. फट नुसती जुळवू नये, आधी मोजून लिहून ठेवावी. एखाद्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी कमी होत असेल, तर तो व्हॉल्व्ह ताणला जातो आहे किंवा त्याची बैठक खचते आहे, आणि तो तुटून पिस्टनवर पडण्याआधी हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला सिलिंडरवरचा भाग, उतरवण्याची वेळ आली आहे. हे मापांचे पुस्तक जितके जुने, तितके ते उपयोगी.

पेट्रोलच्या नळ्यांविषयी मी आग्रहाने बोलणार आहे. या गाड्या जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली तडकलेली नळी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला आतून खराब करते आणि सुती विणीच्या नळीवर तडा बाहेरून दिसतही नाही. इंजिनाचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने एकदा तो पेटला की आग आटोक्यात येणे कठीण असते. इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाची नळी वापरावी, प्रत्येक टोकाला क्लिप असावी, पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या वर लोंबकळत ठेवू नये, आणि काही वर्षांनी नळ्या चांगल्या दिसत असल्या तरी बदलाव्यात.

ब्रेकबाबत थोडक्यात सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि पेडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असलेला टायरही वयाने निकामी झालेला असू शकतो, आणि भरलेल्या कॅम्परला व्हॅनचे वजन पेलणारेच टायर लागतात.

आतल्या भागात पुन्हा हवा येते. गाडीतला मूळ हीटर एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून जाणारी गरम हवा आत आणतो. ते कवच किंवा आतली नळी गंजली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही. म्हणून त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ असलाच पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर फरशीवर साचतो. त्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असते. थंडी वाजते म्हणून ते कधीही बुजवू नये. गॅसच्या जोडणीची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. भिंतींमागे काचतंतूंचे वेष्टन भरू नये, ते ओल धरून ठेवते. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम पत्र्याला पूर्ण चिकटवावा आणि सिलच्या पोकळ्या मोकळ्या सोडाव्यात.

गाडी उभी राहणार असेल तेव्हा तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नये, हवा खेळेल असे कापडी आवरण घालावे. उचलायच्या छताचा कॅनव्हास ओला असताना मिटावा लागला, तर घरी येताच ते छत पुन्हा उघडून तो पूर्ण वाळवावा. महिन्यातून निदान एकदा गाडी तेल नीट तापेपर्यंत चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साठते आणि तेलात ओल जमते, त्यापेक्षा इंजिन सुरूच न केलेले बरे. आणि पावसानंतर दारांच्या तळाची भोके बोटाने चाचपून पाहावीत. त्यातून पाण्याचे थेंब गळत असतील, तर ती मोकळी आहेत.