लॅबचं सगळं तोंडातच असतं

मघाशी दारातच एका आजींनी मला गाठलं. म्हणाल्या, "डॉक्टर, आमचा लॅब चावरा निघाला हो." लॅब म्हणजे त्यांचा लॅब्राडोर कुत्रा. कुणाला चावला, विचारलं, तर कुणालाच नाही. मोजे पळवतो, चपला पळवतो आणि पाहुणे आले की त्यांचा हात अलगद तोंडात धरून त्यांना आत घेऊन येतो. आजी, याला चावरेपणा म्हणत नाहीत. हा त्याचा पिढीजात धंदा आहे.

नाव लॅब्राडोर असलं तरी याचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या कोळ्यांबरोबर ते बर्फगार पाण्यात उतरायचे, जाळ्याचे दोर ओढायचे, निसटलेले मासे धरायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या उमरावांनी त्यांना उचललं आणि शिकारीतली पडलेली बदकं शोधून आणण्याचं काम दिलं. बदक धन्याच्या ताटात जायचं, म्हणजे त्यावर दात उमटून चालणार नाही. असं मऊ तोंड असलेलीच कुत्री पुढे वाढवली गेली. १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. आपल्याकडे तो तिसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेत आला. इथे बदकं नाहीत. चपला आहेत.

म्हणून चप्पल उचलली की त्याच्यामागे धावू नका. धावलात की त्याच्या लेखी शिवाशिवी सुरू झाली. त्याच्या आवडीचं काहीतरी पुढे करा आणि चप्पल मागून घ्या. चार ते सात महिन्यांच्या पिल्लाची गोष्ट वेगळी. अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात, टेबलाचे पाय कुरतडले जातात. त्याला चघळायला स्वतःचं काहीतरी द्या. शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या कपच्या होतात.

आता खादाडपणा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लॅब मला पिंपासारखे दिसतात आणि मालक कौतुकाने सांगतात, "खातो हो छान!" केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते. २०२४ मध्ये त्यांनीच पुढचं सांगितलं: ही कुत्री नुसती पडून असताना सुमारे पाव हिस्सा कमी ऊर्जा खर्च करतात. तेव्हा तो ताटापाशी बसून जे डोळे करतो ते नाटक असेलच असं नाही. तरीही द्यायचं नाही.

का, ते ऐका. अमेरिकेत ४८ लॅब जन्मभर पाहिले, निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणाऱ्यांतले निम्मे १३ वर्षांपलीकडे जगले, दुसऱ्यांतले निम्मे ११.२ वर्षांपलीकडे. सांधेही उशिरा दुखायला लागले. पोळीचा एक तुकडा कमी करून जवळजवळ दोन वर्षं मिळत असतील तर कोण नाही म्हणेल? आज घरी जाऊन बरगड्यांवरून हात फिरवा. बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागल्या तर वाटी लहान करा.

सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आठवतात? ते त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा नको, चॉकलेट नको. आणि मे महिन्यात आंब्याची कोय उघड्या बादलीत टाकू नका. लॅब ती अख्खी गिळतो, आतड्यात अडकते आणि मग पोट फाडून काढावी लागते.

त्याच तोंडाने तो अंगातली उष्णताही बाहेर टाकतो. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा पंखा. वर थंड पाण्यासाठी बनलेला केसांचा दुहेरी कोट. तो भादरू नका, विंचरा. रोजचा तास-दीड तास व्यायाम हवाच, पण उन्हाळ्यात उजाडताना आणि दिवेलागणीनंतर. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली, की साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसेच दवाखान्याकडे निघा.

फिरवून आणलं तरी दमत नाही, अशी तक्रार असते. पाय दमतात, नाक रिकामं राहतं. अर्धं जेवण वाटीत न देता खोलीभर दडवा आणि शोधायला लावा. पावसाच्या दिवसांत तर हे फारच सोयीचं.

आणि आजी, तुमच्याकडे पेपर खाली फाटकाशी टाकतात म्हणालात ना? तो वर आणायचं काम त्याला द्या. आधी घरातल्या घरात रद्दीच्या गुंडाळीवर शिकवा, प्रत्येक खेपेला चण्याएवढा खाऊ. पहिले आठ दिवस पेपर ओला मिळेल, आजोबांना तेवढं आधी सांगून ठेवा.